चंपाचा रंग

मी विक्रोळीच्या अंबादास फोटोग्राफरच्या टेबलावरचा मॉनिटर. माझं काम दाखवायचं, बोलायचं नाही. पण माझ्यासमोर बसून माणूस ढसाढसा रडला, त्यानंतर गप्प कसं राहू?

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. तिथे आम्हा भावंडांकडून एकेक रंग पाठ करून घेतला. लाल म्हणजे एवढाच लाल, राखाडी म्हणजे एवढाच राखाडी. दिमाख करायचा नाही, खरं तेवढं दाखवायचं, ही आमच्या घराण्याची रीत. दुकानात मात्र खऱ्याला कोण विचारतो! घाटकोपरच्या त्या दुकानात माझे शेजारी पोपट आणि फुलं अशी झळकवायचे की गिऱ्हाईक माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

एके दिवशी अंबादास आणि त्याची बायको चंपा आली. अंबादास लग्नांचे, बारशांचे फोटो काढायचा. त्याच्या बौद्ध समाजात नवरी पांढरी साडी नेसते. अशाच एका नवरीचा फोटो त्याने पेनड्राइव्हमधून सगळ्या मॉनिटरांवर लावून पाहिला.

चंपाने माझ्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "ओ, हा घ्या ना! कसला झकास दिसतोय. तुम्ही बघताय तो तर आजारी वाटतोय."

"अगं, त्याच्यात साडी निळी पडलीय बघ, नीळ जास्त झाल्यासारखी. ह्याच्यात पांढरी ती पांढरी आहे."

मग लेन्स. दुकानदाराने लांबलचक झूमची पुढे केली. अंबादासने साधी उचलली, झूम नसलेली. जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं. "चेहरा हिच्यातच खरा येतो," तो म्हणाला. ती लेन्स आणि मी एकाच रिक्षातून घरी आलो. ती बघायची, मी दाखवायचो. काय सुखाचे दिवस होते ते!

मग गिऱ्हाइकांचं सुरू झालं. "दादा, पोरीला जरा उजळ करा ना. सासरचे बघणार."

"ताई, पोरगी छान दिसते की अशीच," अंबादास चिडून म्हणायचा. पण हळूहळू गिऱ्हाईक दुसरीकडे वळायला लागलं, तसा तोही नरमला. पडद्यावरची एक खूण माउसने जराशी उजवीकडे सरकवली की सावळी नवरी गोरी व्हायची. पुढेपुढे तर कोणी सांगायलाही लागेना. सवय एकदा हातात बसली की ती डोळ्यांना विचारत नाही.

खरं दाखवायला शिकलेला मी, खोटं दाखवत होतो आणि तेही अगदी बिनचूक. माझ्या जिवाला फार लागायचं ते.

चंपाच्या वाढदिवसाला अंबादासने तिचे होते नव्हते ते सगळे फोटो गोळा केले, कौतुकाने एकेक उजळला आणि मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकला. चंपा चांगली काळीसावळी, तुकतुकीत. स्वतःला पाहून ती हसली, "ही कोण बया आणलीत घरात?" पण हसता हसताच ओढणी तोंडाला लावून आत गेली. अंबादासला वाटलं, लाजली.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चंपा गेली.

जलदान विधीला ठेवायला फोटो हवा होता. अंबादास माझ्यासमोर बसला, शेजारी त्यांची कॉलेजात जाणारी सपना. तो एकेक फोटो उघडत गेला.

"पप्पा, ही आई नाही," सपना म्हणाली. "आईचा रंग कुठंय?"

त्याने ती खूण उलटी सरकवली. चेहरा सावळा होईना, नुसता राखेसारखा झाला. पुसलेलं परत कुठून येणार? कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नांसाठी केव्हाच रिकामी केलेली. फोनमधले चेहरे फोननेच आपणहून धुऊन काढलेले. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये तर तोंडभर पावडर. "माझीच बायको, आणि मीच..." एवढं बोलून त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि तो ढसाढसा रडला. चंपा रोज मला फडक्याने पुसायची. तिचा खरा चेहरा माझ्याइतक्या जवळून कोणी पाहिला असेल? पण माझ्यात काही साठत नाही हो. दिलं तेवढंच दाखवता येतं.

शेवटी ती गोरी बाईच भिंतीवर लागली. विधीला आलेली शेजारची शकु फोटोकडे बघत राहिली. "काय सुंदर केलाय भाऊजी! आमच्या पोरीचा, जान्हवीचा पण असाच करून द्या हां."

त्या दिवसापासून अंबादासने मला बंदच ठेवलं. लेन्स कपाटात गेली.

मध्ये एकदा दुपारी सपनाने मला चालू केलं. चंपा लग्नांना नवऱ्याबरोबर जायची, दिवा धरायला. तेवढ्या आशेवर पोरगी लोकांच्या लग्नांतले बाजूला टाकलेले फोटो चाळत बसली. कितीतरी नवऱ्या, कितीतरी नवरे, जेवणाच्या पंगती, आणि मग एक फोटो. नवरा हार घालतोय आणि अगदी कडेला कोपरापासूनचा एक हात आलाय, दिवा उंच धरलेला. सावळा, मनगटावर तव्याच्या चटक्याची खूण. चेहरा फोटोबाहेर राहिलेला. गिऱ्हाइकाला हा फोटो नको होता, म्हणून तो हात उजळायचा राहून गेला.

"पप्पा, लवकर या. आई बघा."

अंबादास आला. बघता बघता त्याची बोटं सवयीने माउसवर गेली. सपनाने माउस ओढून घेतला.

"काही करू नका ना. असंच राहू दे."

तेव्हापासून मी तो एवढा एकच फोटो दाखवतो. माझ्या अंगावर आता काळी रेघ पडलीय, माझंही फार उरलं नाही. तुमच्या घरात जे कोणी असेल, त्याचा एक तरी फोटो जसाच्या तसा ठेवा, एवढंच माझं मागणं. अंबादास रोज संध्याकाळी येऊन बसतो. तो हातही बघतो, पण जास्त वेळ बघतो त्याच्या पलीकडे, जिथे फोटो संपतो आणि तिचा खांदा सुरू व्हायला हवा होता तिथे.