चौथ्या शनिवारनंतरचा रविवार

राजन सोहोनी बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या एका बँकेत प्रोग्रामर होता. बँकेचा सगळा व्यवहार लंडन आणि न्यूयॉर्कशी. बहारीनचं घड्याळ बारा महिने एकच चालतं. लंडनवाले मात्र उन्हाळ्यात आपलं तासभर पुढे ढकलतात आणि ऑक्टोबरात परत मागे आणतात. न्यूयॉर्कचंही तसंच, पण त्यांचा दिवस वेगळा. त्यामुळे तिकडचे बाजार आपल्या घड्याळात किती वाजता उघडणार, यावरून डीलिंग रूममध्ये दरवर्षी गोंधळ व्हायचा. ब्याऐंशी साली राजनने त्यावर प्रोग्राम लिहिला.

त्या प्रोग्रामची खुबी अशी, की त्याला तारखा सांगाव्या लागत नसत. नियमाचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं टाइप करून द्यायचं. प्रोग्राम ते वाचायचा, त्यातून वार कोणता, कितवा, महिना कोणता हे वेचून काढायचा आणि तारीख स्वतःच ठरवायचा. सत्त्याऐंशीत अमेरिकेने आपला नियम बदलला, तेव्हा राजनने एक वाक्य बदललं आणि तो चहा प्यायला गेला. हा किस्सा त्याने इतक्यांदा ऐकवला होता, की डीलिंग रूमचा प्रमुख महमूद ‘चहा’ हा शब्द त्याच्याआधीच म्हणायचा.

म्हणून एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात स्मिताच्या स्थळाचा फोन लंडनहून यायचा ठरला, तेव्हा वेळेचं खातं आपोआप राजनकडे गेलं.

स्मिता ही त्याच्या बायकोची, हेमाची, धाकटी बहीण. एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि मनामाच्या नईम भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्येच राहायची. स्थळ आणलं होतं खालच्या मजल्यावरच्या सत्यवतीकाकूंनी. काकू मूळच्या कणकवलीच्या. मुलगा, विलास आगटे, त्यांच्या नणंदेच्या शेजारणीचा भाचा, लंडनला अकाउंटंट. त्याने कळवलं होतं, रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे त्याच्या सहाला, फोन करतो.

“आपले नऊ,” त्या रविवारी दुपारी राजनने बँकेतून आणलेल्या कागदावर बोट ठेवून सांगितलं. “आज पहाटे लंडनने घड्याळं मागे केली. कालपर्यंत आपण दोन तास पुढे होतो, आजपासून तीन.”

“नक्की ना?” हेमाने विचारलं.

“डीलिंग रूमची शिफ्टसुद्धा उद्यापासून तासभर उशिरा केलीय, याच कागदावरून.”

हेमा बटाटे उकडायला गेली.

संध्याकाळी आठच्या सुमाराला राजन आंघोळीला गेला होता. हेमा बटाटेवडे तळत होती. स्मिता डोक्याला टॉवेल गुंडाळून, घामाघूम होऊन, हॉलमधल्या बंद एसीकडे बघत बसली होती. चार दिवसांपासून तो एसी वाऱ्याऐवजी पाणी देत होता, आणि सित्रा गावातला ताहिर नावाचा मेकॅनिक रोज ‘आज येतो, इंशाल्ला’ म्हणून फोनवर सांगायचा. तेवढ्यात फोन वाजला. स्मिताने झडप घालून उचलला.

“हॅलो, गुड ईव्हनिंग,” पलीकडून जरा घाबरलेला पुरुषी आवाज आला.

“कसली गुड ईव्हनिंग?” स्मिता हिंदीत सुटली. “चार दिन से आप का रस्ता देख रहे हैं हम लोग! आप को आना है कि नहीं?”

“जी… आना तो है,” तो म्हणाला. “लेकिन मैं तो पहली बार फोन कर रहा हूँ।”

“पहली बार? रोज यही सुनाते हो! देखो, मेरे को मीठी बातें नहीं चाहिए, काम चाहिए। रात भर घर्र-घर्र करता है, ऊपर से टपकता है। ऐसे के साथ कौन रहेगा?”

“कौन टपकता है?” आवाज एकदम बारीक झाला. “सुनिए, मैं लंडन से बोल रहा हूँ…”

“लंडन से बोलो नहीं तो सित्रा से बोलो! आधे घंटे में आए तो आए, नहीं तो मैं दूसरा आदमी देखती हूँ। खलास!”

तिने फोन आपटला.

“कुणाचा गं?” हेमाने स्वयंपाकघरातून विचारलं.

“एसीवाल्याचा. आता लंडनची थाप मारत होता, ताई. हद्द झाली.”

नऊ वाजता सगळे तयार होते. स्मिताने अबोली रंगाची साडी नेसली होती, फोनवर दिसणार नसली तरी. सत्यवतीकाकू पैठणी नेसून फोनशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वडे झाकून ठेवले होते. उकाडा मात्र कुणाची भीड ठेवत नव्हता.

फोन काही वाजेना.

“लाइन बिझी असेल,” राजन म्हणाला.

नंतर म्हणाला, “रविवार आहे, झोप लागली असेल.”

काकूंनी पदराने वारा घेतला. “लंडनात रवतत म्हणजे मोठे झाले काय? फोन करुक काय धाड भरली?”

हेमाने वड्यांवरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात हत्यारांची पेटी घेऊन ताहिर उभा होता.

“माफ करना, मॅडम,” तो स्मिताला म्हणाला, “आज फोन करने का टाइम ही नहीं मिला। सीधा आ गया।”

“फोन नहीं किया?” स्मिताचा चेहरा उतरला. “आठ बजे आप ने फोन किया न?”

“नहीं, मॅडम।”

ती सावकाश सोफ्यावर बसली. “ताई,” ती म्हणाली, “मी त्याला दुसरा माणूस बघते म्हणून सांगितलं.”

“कुणाला?”

“लंडनला.”

झालेला संवाद तिने शब्दाशब्दाने सांगितला. ‘ऐसे के साथ कौन रहेगा’पाशी काकूंनी कपाळाला हात लावला आणि हेमा पदरात तोंड खुपसून हसायला लागली. राजन मात्र हसला नाही. “पण तो आठला फोन करेलच कसा?” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “आपले आठ म्हणजे त्याचे पाच.” शेवटी त्याने स्वतःच लंडनचा नंबर फिरवला.

“विलासराव, राजन सोहोनी बोलतोय. सहाचं ठरलं होतं, तुम्ही पाचला फोन केलात का?”

“मी सहालाच केला,” विलास सावधपणे म्हणाला. “कुणीतरी मला फार रागावलं.”

“पण आज पहाटे तुमची घड्याळं मागे झाली ना?”

“नाही. पुढच्या रविवारी होणार आहेत.”

“आज झाली. तुम्ही करायची विसरलात का?”

“अहो, मी इथे राहतो.”

“ते खरं, पण आमचा कॉम्प्युटर सात वर्षं चुकलेला नाही. तुम्ही एकदा शेजारी विचारता का?”

विलास सज्जन होता. तो खरोखर शेजारी विचारून आला. शेजारचंही घड्याळ त्याच्यासारखंच होतं.

राजन रिसीव्हर धरूनच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळला. लंडनचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं: ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारनंतरचा रविवार. प्रोग्रामने त्यातून काय वेचलं असेल? ‘चौथा’. ‘रविवार’. मधला शनिवार त्याने गिळला होता. एरवी चौथ्या शनिवारनंतर येतो तो चौथाच रविवार, म्हणून इतकी वर्षं पचलं. या वर्षी मात्र ऑक्टोबरची एक तारीखच रविवारी आली होती. पहिला रविवार पहिल्या शनिवारच्याही आधी येऊन बसला, आणि चौथा रविवार झाला तरी चौथा शनिवार यायचाच होता. सात वर्षं त्याच्या प्रोग्रामने ते वाक्य कधी नीट वाचलंच नव्हतं.

“अरे बापरे,” तो पुटपुटला. “उद्याची शिफ्ट!” सगळी डीलिंग रूम लंडनपेक्षा तासभर उशिरा उगवणार होती. महमूदला ताबडतोब कळवायला हवं होतं. “विलासराव, ठेवतो हं.”

“एक मिनिट,” विलास म्हणाला. “मघाशी ज्या रागावल्या, त्यांना जरा देता का?”

राजनने रिसीव्हर स्मिताकडे दिला. स्मिता आधी लाजली, मग माफी मागायला लागली, मग पलीकडून काहीतरी ऐकून खो-खो हसली, आणि पाय वर घेऊन ऐसपैस बसली. राजन समोर उभा राहिला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. हात जोडले. स्मिताने त्याच्याकडे पाठ केली.

“मला महमूदला फोन करायचाय!” तो हेमाला कळवळून म्हणाला.

“काकूंकडून करा. इतक्या मुश्किलीने बोलताहेत ती दोघं.”

काकू त्याला घेऊन जिना उतरल्या. महमूदने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे प्रोग्राम चुकला?” त्याने समाधानाने विचारलं, आणि तेच वाक्य राजनकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, “नक्की ना, हबीबी? मी आता सगळ्यांना फोन करणार. हे तुला सांगितलं कुणी?”

“लंडनला माझा साडू आहे,” राजन म्हणाला. “त्याने शेजारी विचारून खात्री केलीय.”

“साडू?” मागून काकू कडाडल्या. “चेडवान अजून हो म्हणूक नाय, आणि तुझो साडू झालो पण?”

राजन वर आला तेव्हा एसी सुरू झाला होता. ताहिर पेटीवर बसून वडे खात होता, आणि स्मिता विलासला लंडनमध्ये वालाची डाळ मिळते का ते विचारत होती.

सोमवारी डीलिंग रूम जुन्याच वेळेवर उघडली. फक्त कँटीनला कळवायचं महमूद विसरला, त्यामुळे चहा तासभर उशिरा आला आणि डीलर दिवसभर कुरकुरत राहिले. राजनने प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो वाक्यातला प्रत्येक वार मोजून घ्यायचा, आणि न कळणारं वाक्य दिसलं की मुकाट्याने थांबून विचारायचा.

विलास जानेवारीत आईला घेऊन बहारीनला आला. सत्यवतीकाकू पैठणी नेसून स्मिताबरोबर विमानतळावर गेल्या, आणि मुलगा बाहेर येताच त्यांनी त्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग स्मिताच्या कानाशी लागून म्हणाल्या, “बरो आसा गो. हो म्हण.”

“सांगून झालंय, काकू,” स्मिता म्हणाली. “नाताळातच.”