डावीकडून राक्षसीण

मित्रांनो, मी एक जुनी राक्षसीण आहे. घाबरू नका. मी लाकडाची आहे, तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेन एवढीच, आणि माझे सुळे आता दुधाच्या दातांसारखे हलतात.

मला एका बाहुलीवाल्याने घडवले. भुवया कोरताना त्याची पटाशी निसटली. डावी भुवई रागाने वर चढली. उजवी मात्र आजारी लेकराजवळ बसलेल्या आईसारखी झुकलेली राहिली. तो मला शेगडीत टाकायला निघाला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की! तुमचं तोंड तरी कुठे दोन्हीकडून सारखं आहे?"

अशी मी वाचले. माझा खेळ एकच. वाट चुकलेली मुलगी माझ्या घरात शिरते, मी दाराला कडी घालते, मग तिचा भाऊ येऊन मला विहिरीत ढकलतो. बाहुलीवाला माझी डावी बाजूच लोकांकडे ठेवी. मुले किंचाळून आयांच्या कुशीत शिरत. मी विहिरीत पडले की टाळ्यांचा कडकडाट होई. किती वर्षे मी अशी मरत राहिले! उजवी बाजू कोणी पाहिलीच नाही.

पुढे बाहुलीवाला थकला आणि खेळ त्याच्या लेकीकडे आला. मुले झोपेत दचकतात, अशा तक्रारी तिच्या कानांवर येत होत्या. तिने गोष्टच फिरवली. आता बाहेर वाघ होता आणि मी कडी घालत होते ती मुलीला वाचवायला.

"आता तू चांगली झालीस बरं का," असे म्हणत तिने मला टेबलावर आडवे केले आणि कानस उचलली. भुवई सपाट होणार होती, सुळे जाणार होते, ओठांवर हसू येणार होते. मित्रांनो, तो चेहरा गोड झाला असता, पण माझा राहिला असता का?

इतक्यात तिची धाकटी मुलगी दिवा घेऊन आली. "थांब ना गं आई, आधी एकदा दार लावू दे तिला."

आईने मला हातात चढवले. मी कडी घातली. मुलगी दिवा घेऊन माझ्याभोवती फिरली. डावीकडे ती दोन पावले मागे सरली, उजवीकडे आपसूक जवळ आली.

"आई, ही कोंडतेय का वाचवतेय?"

"वाचवतेय. मी तसंच लिहिलंय."

"पण हिला माहितेय का ते?"

आईने कानस खाली ठेवली. दिवा स्वतःच्या हातात घेतला आणि तो पुन्हापुन्हा फिरवून माझ्याकडे बघत राहिली, जन्मात मला कधी पाहिलेच नसल्यासारखी.

त्यानंतरच्या खेळात वाघ दिसलाच नाही. बाहेरून नुसता काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मी कडी घातली आणि माझे तोंड डावीकडून उजवीकडे सावकाश वळले. टाळी नाही, किंकाळी नाही. सगळे सभागृह श्वास रोखून बसले होते. एवढी मोठी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

खेळानंतर एक चिमुरडी पुढे आली. तिने माझ्या सुळ्याला बोट लावले. "तू मला खाल्लं असतंस?"

माझी जीभ लाकडाची. आणि खरे सांगू? मलाही ठाऊक नव्हते. तिने माझी चुरगळलेली बाही नीट केली आणि झटकन हात मागे घेतला.

मित्रांनो, जुन्या बाहुल्यांना वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा, कानशीपासूनही जपा. आणि मला बघायला याल, तेव्हा दिवा एकाच बाजूला ठेवू नका.