शिडीमागची भिंत

"रंगाचे दोन हात मारलेत, ब्रॉन. व्हर्न असता तर खूश झाला असता," शेजारचा क्लेम म्हणाला. ब्रश अजून त्याच्या हातातच होता.

शेडची लाकडी भिंत आतून पांढरीशुभ्र झाली होती. व्हर्नला, म्हणजे माझ्या बाबांना, पुरून आठवडा झाला होता. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारी शनिवारी जमतात, गवत कापतात, काय पडलं-झडलं ते नीट करून जातात.

"इथं काही लिहिलेलं होतं का?"

"काही? तुझा बाप भिंतीलाच वही समजायचा. कुणाची बोअर किती खोल, कुठला वॉशर... नुसती गिचमिड!"

बाबांनी चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले. आपल्यामागे आईला याच घरात राहता यावं म्हणून त्यांनी क्रिप्टो घेतलं, आणि वॉलेटची फाईल पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करून टाकली. फोनवर म्हणाले होते, "पासवर्ड कॉम्प्युटरात ठेवायचा नसतो, पोरी. चोर आधी तिथंच बघतो. सात शब्द आहेत, शेडच्या भिंतीवर, पंपांच्या यादीत. तू ओळखशील."

मी थिनरने पुसून पाहिलं. रंगाबरोबर पेन्सिलही गेली.

मग तीन दिवस त्यांच्या खुर्चीत बसून मी शब्द भरत राहिले. कुत्र्यांची नावं, गावं, पंपांचे भाग. पासवर्डची चौकट दर वेळी रिकामी होऊन परत यायची. कॉम्प्युटरचा पंखा त्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या श्वासासारखा घरघरायचा. आई दारातून म्हणायची, "बंद कर गं. झोपू दे त्यांना."

चौथ्या दिवशी मी क्लेमला सगळं सांगितलं. तो खाली बसला.

"मला मेल्याला कुणी सांगायचं नाही का!" मग एकदम उठला. "शिडी! भिंतीवर टांगलेली शिडी काही मी काढली नव्हती. गुडघे दुखतात, म्हटलं कोण बघतंय मागं. कडेकडेनं ब्रश फिरवला."

आम्ही दोघांनी ती खुंटीवरून उतरवली. मागे शिडीच्या आकाराचं जुनं लाकूड होतं, आणि त्यावर पेन्सिलीची एकच ओळ.

"हेच का गं?" क्लेमने चष्मा पुसत विचारलं.

'पाऊस चार मिलिमीटर. ब्रॉन आली होती. लगेच गेली.'

मी नकारार्थी मान हलवली. क्लेमने शिडी उचलली आणि भिंतीला घासणार नाही अशी, हळूच परत टांगली.