मागच्या पायाची चीर

"इच्या मांगच्या पायाले चीर गेली. कोणाले बसू नका देऊ," असे अब्दुल रहीम सुतारांनी नाताळानंतर सांगितले होते. ऐकणाऱ्याने मान डोलावली आणि मला तिथेच राहू दिले. मी तर मनातल्या मनात हसले. मित्रांनो, मी अकोल्यातल्या एका चर्चची जुनी खुर्ची, सेमाडोहकडच्या जंगलातल्या सागाची. मला काय होणार होते?

चीर पडली ती कौतुकाने. दर नाताळात कागदी चांदणी टांगायला तरुण मंडळी माझ्यावरच चढत. "मजबूत आहे बुवा," म्हणत. मीही फुगत असे.

प्रणालीताई जठारपेठेतून यायच्या, लहानग्या लेकीचा, मैनाचा हात धरून. ताई अंगाने भरलेल्या. बाकांमधून सरकताना चार माणसांना उठावे लागे, म्हणून त्या कडेला माझ्यावर बसत. त्यांची प्रार्थना फक्त मलाच ऐकू येई. "प्रभू, भूक नसते तरी हात जाते. मले आवर." मिस्टर वारल्यापासून हे सुरू झाले होते. उपदेश ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून त्या देवाशी याच एका गोष्टीवर बोलत होत्या.

मग एका रविवारी पाळकसाहेब खादाडपणावर बोलले. शरीर देवाचे मंदिर आहे, पोटाला देव करू नका, असे सांगितले. सांगितले सगळ्यांना, पण माना एकीकडेच वळल्या. प्रीतिभोजनात मटणासाठी पुन्हा पुन्हा ताट पुढे करणारे सडपातळ काकासुद्धा वळून बघत होते. ताईंनी अंग चोरले, मागे रेलल्या, आणि माझा पाय मोडला.

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "देवानंच दाखवलं." दाबलेले हसू पसरत गेले. पाळकसाहेबांनी धावत येऊन हात दिला. "लागलं नाही," एवढेच ताई म्हणाल्या. मैनाला घेऊन गेल्या त्या गेल्याच.

रहीमचाचांनी मला उलटी करून पाहिले. "हे जुनीच चीर आहे. बाईचा काय कसूर? जाऊन सांगा तिले." सांगू, सांगू, असे सगळेच म्हणाले. कोणी गेले नाही.

आता मी जिन्याखालच्या खोलीत भिंतीला टेकून असते. शेजारी रविवारची शाळा भरते. मैना शेजारणीबरोबर येते. खाऊ वाटला की ती हळूच इथे येऊन बिस्किटे माझ्याखाली सरकवते. मुंग्या लागतात. तिच्या हातातली बांगडी आता कोपरापर्यंत जाते.

एकदा शिकवणाऱ्या आरतीबाईंनी पाहिले. "काहून खात नाही वं माय?"

"मी खाल्लं तं खुर्ची मोडन."

आरतीबाईंना गंमत वाटली. त्यांनी बाहेर जाऊन ती चार बायांना सांगितली. सगळ्या हसल्या.

मित्रांनो, खादाडपणा पाप असेलही. मी लाकूड, मला त्यातले काय कळते! पण ते पाप घेऊन ती बाई देवापुढेच येऊन बसत होती. आता ती कुठे बसत असेल?

माझा पाय जोडायची घाई करू नका. तो आता जुळला तरी माझ्यावर बसायला येणारे कोणी नाही. तुमच्यापैकी कोणी जठारपेठेत राहत असेल, तर एवढे करा. प्रणालीताईंचे दार वाजवा. उघडले नाही तर पुन्हा वाजवा. आणि मैना आज जेवली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.