राहिलेली छत्तीस पानं

"थांबा. तो शब्द पुन्हा वाचा," फारूक साहेब म्हणाले.

उज्वलाने पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. "अ-पौ-रु-षे-य. अपौरुषेय."

"हं. म्हणजे कुण्या माणसानं न केलेलं."

"आसं कसं आसंल साहेब? कुणी लिहिल्याबिगर कसं येईल?"

"मानणारे तसं मानतात. हा लिहिणारा मानत नाही. का मानत नाही, ते पुढच्या पानावर सांगंल. वाचा."

तिने पान उलटलं. पाय ठणकत होते. पहाटे उठून स्वयंपाक, म्हशीचं शेण-पाणी, मग कंधारच्या बसमध्ये पाऊण तास उभं राहणं. आल्या आल्या साहेबांची साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, तळपायाची न भरणारी जखम धुऊन पट्टी बांधायची. मग आंघोळ, जेवण, कपडे. दुपारी तीनला ती दिवसात पहिल्यांदा बूड टेकायची, आणि टेकली की हातात पुस्तक यायचं.

वाचणं तिच्या कामात नव्हतं. नांदेडच्या एका दवाखान्यात रुग्ण सांभाळायचं जुजबी शिक्षण घेतलेलं, त्या जोरावर साहेबांच्या मुलाने, फैजानने, तिला दोन वर्षांपूर्वी ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात साहेबांनी औषधाच्या डब्यातला कागद वाचायला लावला. मग पेपर. महिन्याभराने त्यांनी उशाखालची किल्ली काढून दिली आणि लोखंडी कपाट उघडायला सांगितलं.

आत वरपासून खालपर्यंत पुस्तकं होती. बरीचशी कधी उघडलेलीच नव्हती. पानं एकमेकांना चिकटलेली. साहेबांनी पोस्टात चौतीस वर्षं काढली. धर्माबाद, शिरूर अनंतपाळ आणि शेवटी कंधार, तिथूनच पोस्टमास्तर म्हणून निवृत्त. ज्या पुस्तकावरून पेपरात भांडणं चालायची ते पुस्तक ते मुद्दाम व्ही.पी.ने मागवायचे. पार्सल त्यांच्याच खिडकीवर यायचं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नसे. पण बदल्या, पोरांची शिक्षणं, बायको साबेराचं आजारपण. निवृत्तीनंतर वाचू म्हणत सगळं कपाटात जाऊन बसलं. साबेरा गेली, निवृत्ती आली, आणि दोन वर्षांत साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले. नातवंडं इंग्रजी शाळेत. सून सादिया उर्दू शाळेतली. मराठी झकास बोलायची, वाचताना मात्र अडायची.

"चौतीस वर्षं लोकांची बंद पाकिटं पोचवली," साहेब एकदा म्हणाले होते. "आत काय आहे ते पाहायचं नसतं, नाही पाहिलं. आता राहिलेल्या दिवसांत जरा उघडून बघावं म्हणतो, कोण काय म्हणून राहिलंय."

त्यांचा एक नेम होता. एक पुस्तक संपलं की त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या कुणी लिहिलेलं पुस्तक वाचायचं. एकाचं ऐकून निकाल द्यायचा नाही. कपाटात अशा जोड्या शेजारी शेजारी लावलेल्या होत्या.

पहिल्या पावसाळ्यातच कपाटातून असं पुस्तक निघालं की उज्वला दोन पानांवर अडली. लिहिणारा मुसलमान घरात जन्मलेला, पुढे सगळं सोडून दिलेला, आणि सोडताना मनात जे जे होतं ते त्याने लिहिलं होतं.

"हे न्हाई वाचत साहेब."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटंल."

"वाटू द्या. तुमच्या वाचण्यानं नाही वाटणार, त्याच्या लिहिण्यानं वाटंल. वाचा."

ती वाचत गेली. साहेबांचा चेहरा हळूहळू आखडला. एका ठिकाणी त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, पण थांबा म्हणाले नाहीत. दुपारनंतरची, असरची अजान झाली तेव्हा तिला थांबवून त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्याच नमाज पढली. ती पानात बोट घालून बसून राहिली. सादिया दारात तूर निवडत होती, तिचेही हात थांबले होते. नमाज झाली. साहेबांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हं. कुठपर्यंत आलो होतो?"

त्या दिवशी बसमध्ये उज्वलाला हे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. घरी नवऱ्याला, शेषेरावला, सांगून पाहिलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला काय काम हाय दुसरं," आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेला.

यंदा संक्रांत झाल्यावर तिच्यावर पाळी आली. पुस्तक तिच्या कुळदैवतावर होतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की हा देव म्हणजे एके काळचा गुरं राखणाऱ्यांचा एक नाईक. मेल्यावर लोकांनी त्याला शेंदूर लावला आणि पुढे पुजाऱ्यांनी त्याच्या नावावर नको नको ते खपवलं. भाषा तिखट होती. उज्वला लग्नापासून त्या देवाचा रविवार धरत आली होती. सातव्या पानावर तिने पुस्तक मिटलं.

"माझ्या तोंडून हे नगं साहेब."

"बरं. ठेवून द्या," ते म्हणाले. "पेपर वाचा."

ते एक शब्द जास्त बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने सोयाबीनचे भाव वाचले, निधनवार्ता वाचल्या. दुसऱ्या दिवशीही पेपर. तिसऱ्या दिवशी तीन वाजता ती स्वतःच कपाटाकडे गेली.

"तुम्ही तुमचं ऐकलंत," ती म्हणाली. "मला बी बघू द्या, काय म्हणतो तो."

पुस्तक जड होतं. जुने दाखले, ताम्रपट, तोंडात न बसणारी नावं. वाचताना फार अडखळायला होई आणि साहेबांना तेच वाक्य तीनदा ऐकावं लागे. म्हणून तिने पुस्तक घरी न्यायला सुरुवात केली. जाता-येता बसमध्ये जागा मिळाली की उद्याची पानं ओठांतल्या ओठांत घोकून ठेवायची. पहिल्यांदा राग यायचा. नंतर नंतर राग बाजूला राहून, पुढे काय, एवढंच उरलं. रविवार तिने सोडला नाही. पण उपास सोडताना देवाच्या टाकाकडे बघून वाटायचं, खरंच गुरं राखली आसतील का रे तू? आणि त्या विचाराने तो थोडा जवळचाच वाटायचा.

फाल्गुनात एका संध्याकाळच्या बसमध्ये शेषेरावचा चुलतभाऊ नरसिंग शेजारी येऊन बसला. तो तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा.

"वैनी, काय वाचून राहिल्या?"

तिने मुखपृष्ठ दाखवलं. नरसिंगने पुस्तक घेतलं, चाळलं. त्याचा चेहरा बदलला.

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"आमच्या साहेबांनी. कपाटात हाय त्यांच्या."

खरं ते सांगितलं, एवढंच. घरी पोचेपर्यंत तिला त्याचं काही वाटलंही नाही.

चौथ्या दिवशी ती घरी आली तर नरसिंग आणि गावातली दोन माणसं ओसरीवर बसलेली. शेषेराव खांबाला टेकून खाली बघत होता.

"बसा वैनी," नरसिंग म्हणाला. "तुमच्यावर काय बालंट येऊ देत न्हाई. फक्त इथं सही करा."

त्याने टाईप केलेला कागद पुढे केला. पोलीस ठाण्याच्या नावाने अर्ज होता. खाली तिचं नाव, त्यावर सहीपुरती जागा. नरसिंगने पेनाचं टोपणही काढून दिलं.

उज्वलाने पिशवी खाली ठेवली, कागद उजेडाकडे धरला आणि वाचायला लागली. मोठ्याने. वाचायचं म्हणजे मोठ्याने, ही दोन वर्षांची सवय.

"मी खाली सही करणार... सदर इसमाकडे घरकामास असून... सदर इसमाने मला धमकावून..." ती थांबली. "धमकावून. कुणी धमकावलं?"

"तसं लिहावं लागतंय वैनी. त्याबिगर कलम बसत न्हाई."

"...हिंदू धर्माची निंदा करणारी पुस्तके जबरदस्तीने वाचावयास लावली." ती पुन्हा थांबली. "जबरदस्ती न्हाई केली. मी न्हाई म्हणले तर त्यांनी पेपर वाचायला सांगितला. पुस्तक मी काढलं परत. माझ्या हातानं."

"आहो, भोळ्या हायत तुम्ही," दुसरा म्हणाला. "त्यांचा डाव तुम्हाला कळंना."

"त्यांच्या धर्मावरचं बी वाचलं की आमी. ह्याच्याहून वंगाळ लिहिलेलं. ते ह्यात कुठं हाय?"

तिने कागद शेवटपर्यंत वाचला, तारखेसकट. मग पेनासकट तो नरसिंगपुढे ठेवला.

"ह्यात असं लिहा, की मी माझ्या मनानं वाचलं. मग करते सही."

"वैनी, माणसाकडं न बघता जातीकडं बघा जरा."

"मी लई दमले भाऊजी," उज्वला म्हणाली. "चहा ठेवते. पिऊन जावा."

चहा न पिता ते उठले. रात्री भाकरी खाऊन हात धुताना शेषेराव एवढंच म्हणाला, "मला पारावर बसू देणार न्हाईत आता." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जड गेलं.

अर्ज झाला नाही. पण बोलणं थांबलं नाही. आठवड्याने फैजान भर दुपारी दुकान बंद करून घरी आला. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

"अब्बा, दुकान कू चार आदमी आए थे," तो म्हणाला. मग उज्वलाला कळावं म्हणून मराठीत आला. "नीट बोलले. शिव्या न्हाई, काही न्हाई. बोर्ड छान हाय म्हणले दुकानाचा, काच मोठी हाय म्हणले. मी हात जोडले."

साहेबांनी त्याच्याकडे तोंड केलं.

"आपल्यातले बी येऊन गेले, काल. पोस्टमास्तर दुपारी काय ऐकतात, विचारत होते. मी दोन्हीकडून कुणाकुणाला सांगू अब्बा, की माझा बाप नुसता ऐकतोय?"

"नुसताच ऐकतोय रे," साहेब म्हणाले.

"मला माहीत हाय. मला लेकरं हायत." फैजान खाली बसला आणि त्याने बापाच्या पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला. "वाचणं बंद करा. मला शब्द द्या."

आतून कुकरची शिट्टी झाली. "दिला," साहेब म्हणाले.

फैजान उज्वलाकडे न बघता बोलला, "ताई, तुमचा दोष न्हाई. पण तुम्ही येत राहिलात तर लोक येत राहतील. आठ दिवसांत सादियाला इंजेक्शन आन् पट्टी शिकवा. नांदेडला माझ्या वळखीचे डॉक्टर हायत, तुमच्यासाठी बोलतो मी."

त्या आठ दिवसांत तिने सादियाला सगळं शिकवलं. सुई कोणत्या कोनात धरायची, जखमेची कड लाल दिसली तर काय करायचं. तीन वाजता पेपर वाचला. साहेब तेवढ्याच लक्षाने भाव आणि निधनवार्ता ऐकायचे.

शेवटच्या दिवशी तिने पिशवीतून ते पुस्तक काढून मेजावर ठेवलं.

"कपाटात ठेवू का साहेब? किल्ली आता फैजानभाईकडं आसती, मागून घेते."

"तुमच्याकडेच असू द्या."

"घरात न्हाई ठेवता येत."

त्यांनी मान हलवली. हाताने चाचपून पुस्तक जवळ ओढलं, त्याच्या जाडीवरून बोटं फिरवली. "याला उत्तर दिलेलं पुस्तक शेजारीच होतं. एका भक्तानं लिहिलेलं. तुम्हाला आवडलं असतं." मग विचारलं, "तुमच्या गावात अर्ज आणला होता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"पोस्टातली माणसं अजून येतात बसायला."

"हाव. आणला होता."

"वाचलात?"

"पूर्ण वाचला. मग न्हाई म्हणले."

साहेब खुर्चीत थोडे सरळ बसले.

सादिया चहा घेऊन आली आणि परत आत न जाता दाराशी टेकली. बसला अजून वेळ होता. उज्वलाला उठवत नव्हतं.

"किती पानं राहिली होती याची?" साहेबांनी विचारलं.

"छत्तीस."

"काय म्हणला असंल शेवटी?"

"वाचून दाखवू का? फैजानभाई दुकानात हायत."

"नको. शब्द दिलाय." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "पण अंदाज करायला मनाई नाही. मला वाटतं तो शेवटी सगळे पुरावे एका रांगेत मांडून म्हणंल, बघा, देव नव्हताच. तुम्हाला काय वाटतं?"

दोन वर्षांत तिने त्यांना शब्दांचे अर्थ विचारले होते, शंका विचारल्या होत्या. स्वतःचं मत कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी मागितलं नव्हतं. तिने कपातला चहा संपवला.

"मला न्हाई तसं वाटत," ती म्हणाली. "तीनशे पानं एवढा चिडून लिहितोय, त्याचं कायतरी आसंल त्या देवासंगं. तिऱ्हाईत माणूस एवढा चिडत न्हाई. मला वाटतंय, शेवटी तो त्या देवळात जाऊन आला आसंल. पाया पडायला न्हाई, नुसतं बघायला. आन् तिथं..."

बाहेर रस्त्यावरून तिची बस हॉर्न देत स्टँडकडे गेली. उज्वला बोलायची थांबली नाही.

"आन् तिथं एखादी बाई नैवेद्य घेऊन आली आसंल, लांबून चालत. तिला तो काय बोलला, ते त्यानं राहिलेल्या पानांत लिहिलं आसंल. का काय बोललाच न्हाई, ते."

साहेबांनी आवाजाच्या दिशेने मान कलती केली होती. सादिया चौकटीपाशी खाली बसली आणि तिने पदर सावरून घेतला.