शांत फेरीतला आवाज

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी स्वतःचं कौतुक करून घेतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका सरळमार्गी बाईला तीन महिने वाटत राहिलं की आपल्या डोक्यात बिघाड झाला आहे. बिघाड माझ्यात होता. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या दोन्ही कानांवर मऊ गाद्या बसवल्या, दुसरीने वायर जोडली. त्या वायरवर काडेपेटीएवढी डबी होती आणि डबीवर एक बटण. बटण दाबलं की आवाज बंद. या बटणाचा मला भारी तोरा होता. आज त्याचं नाव काढलं तरी शरम वाटते.

मला विकत घेतलं ते मानसशास्त्राच्या एका प्रयोगशाळेने. तिथल्या मॅडम माणसांच्या स्मरणशक्तीचा आणि लक्षाचा अभ्यास करायच्या. ऐकायचं नाही असं ठरवलं, तरी कानावर पडणारं बोलणं डोक्यात लुडबुड करतं का, हे त्यांना शोधायचं होतं. खोली बिनखिडकीची, भिंतींना स्पंज, एक खुर्ची आणि समोर संगणकाचा पडदा. माणूस येऊन बसला की मॅडम मला त्याच्या डोक्यावर चढवायच्या. पडद्यावर एकामागून एक आठ आकडे यायचे. ते संपले की दहा सेकंद थांबायचं आणि त्याच क्रमाने कागदावर लिहायचे. काही फेऱ्यांत माझ्यातून बोलणं ऐकू यायचं, काहींत काहीच नाही. 'आवाजाकडे लक्ष देऊ नका,' एवढीच सूचना. मंडळी जिवाच्या आकांताने लक्ष न देण्याचा प्रयत्न करायची, आणि बोलणं चालू असलं की हमखास चुकायची!

बोलणं कुणाचं, तर मॅडमच्या दिराचं. कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तिका त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दिली होती. 'झाकण नीट बंद करा. पाण्याचा नळ सुरू करा.' आवाज असा रटाळ की खुद्द त्याची बायको म्हणाली होती, 'हे ऐकून मशीनसुद्धा झोपेल.' शांत फेरीतही हे वाचन संगणकावर चालूच असायचं, म्हणजे दोन्ही फेऱ्यांना वेळ सारखा लागे. फक्त मॅडम माझं बटण दाबायच्या.

सुरुवातीला तिथे एक रीत होती. रोज सकाळी, पहिला माणूस येण्याआधी, मॅडम मला स्वतःच्या कानाला लावायच्या, बटण दाबायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. काही ऐकू येत नाही अशी खात्री पटली की वहीत खूण करायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "हा आमचा हेडफोन सोन्यासारखा आहे. कधी दगा दिला नाही." मी फुलून जायचो. पुढे कामाचा पसारा वाढला. सोन्यासारखी वस्तू रोज कशाला तपासायची? रीत आठवड्यावर गेली आणि मग सुटलीच. संध्याकाळी माझी वायर माझ्याच डोक्याभोवती करकचून गुंडाळून मला खुंटीला टांगायचे. बटणाच्या आतली पत्र्याची पट्टी हळूहळू झिजली. बटण दाबलं तरी आवाज पुरता बंद होईना, बारीकसा झिरपत राहायचा. मला ते कळत होतं, मित्रांनो. पण वायरीतून येईल ते कानात सोडायचं, एवढंच मला येतं. मी मूग गिळून बसलो.

अशात गोळीकाकू आल्या. एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं गोळ्या मोजून देत होत्या, म्हणून हे नाव. आपली ओळखही त्यांनी तशीच करून दिली.

"मॅडम, महिन्याभरात माझ्या हातून दोनदा गोळ्या चुकीच्या गेल्या," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या लेकीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. खिडकीवर नुसता कलकलाट असतो हो. मला एवढंच सांगा, हे गडबडीमुळे होतंय की माझ्यामुळे? गडबडीमुळे असेल तर मी आत शांत जागा मागून घेईन. माझ्यामुळे असेल तर उद्याच घरी बसते. कुणाच्या जिवाशी खेळ नको."

एकेकट्याचे गुण कुणाला सांगायचे नाहीत, असा तिथला नियम. पण काकूंचा चेहरा बघून मॅडम विरघळल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शांत फेरीत आकडे नीट आले, तर समजा दोष गडबडीचा."

बोलण्याच्या फेरीत काकूंचे तीन-चार आकडे चुकायचे. तसे सगळ्यांचेच चुकतात. मग मॅडमनी बटण दाबलं. काकू सरसावून बसल्या, आणि माझ्यातून ते सुरू झालं. भिंतीपलीकडून कुणी बोलावं, इतकं बारीक.

काकूंनी हात वर केला. "मॅडम, कुणीतरी पुटपुटतंय."

मला वाटलं, सुटलो! आता मॅडम मला स्वतःच्या कानाला लावतील. पण अहो, त्या पडल्या स्मरणशक्तीच्या जाणकार. त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं.

"नाही हो काकू, आता काही लावलेलंच नाही. मघाचा आवाज मनात रेंगाळतो, त्याची आठवण वाजत राहते. काहींना होतं असं."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की काकू वरमल्या. "असेल बाई," म्हणाल्या. पुन्हा एकदाही त्यांनी हात वर केला नाही. चुका मात्र मघाइतक्याच झाल्या.

"दोन्ही फेऱ्यांत फारसा फरक दिसत नाही, काकू," मॅडमनी कागद बघून सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळेच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पर्स उचलली. "बरं झालं, वेळेवर कळलं." एवढ्यावरून काही ठरत नाही, असं मॅडम मागून म्हणाल्या खऱ्या, पण तोवर काकू दाराबाहेर पडल्या होत्या. आठवड्याने त्यांचा फोन आला. नोकरी सोडली म्हणाल्या. वर 'तुम्ही खरं सांगितलंत' म्हणून आभार मानले. आभार! ते ऐकून मला खुंटीवरून उडी मारून जीव द्यावासा वाटला.

त्यानंतर तीन महिने मी रोज कुणा ना कुणाच्या कानावर बसत होतो आणि शांत फेरीत गुपचूप बोलत होतो. सूचनाच 'लक्ष देऊ नका' अशी, म्हणून कुणी तक्रार केली नाही. शेवटी माझ्या गाद्या फाटल्या. त्या बदलायला तारकाका आले. प्रयोगशाळेतली सगळी उपकरणं तेच दुरुस्त करतात. त्यांनी संगणकावर वाचन लावलं, बटण दाबलं, मला कानाला लावलं आणि हसत सुटले.

"मॅडम, ही तुमची शांत फेरी होय? इथे तर कुणीतरी धुणं घेऊन बसलंय!"

मॅडमनी मला त्यांच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं. ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. त्या दिवशी त्यांनी एक्केचाळीस जणांचे निकाल रद्द केले, छापायला निघालेला लेख मागे घेतला. पण ते नंतर. आधी त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि काकूंचं घर गाठलं.

दार लेकीने उघडलं. "आई हल्ली कुठे जात नाही," ती हळूच म्हणाली. स्वयंपाकघरात जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: गॅस बंद केला का, नळ बंद केला का, किल्ली कुठे आहे. अक्षर काकूंचंच. मॅडमनी लॅपटॉपवर वाचन लावलं, काकूंना मला कानावर चढवायला सांगितलं आणि बटण दाबलं.

काकू ऐकत राहिल्या.

"झाकण नीट बंद करा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हाच! हाच तो मेला!" मला काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं. "नसलेला आवाज मला ऐकू आला, हे तीन महिने घरात कुणाला सांगितलं नाही हो मी. म्हटलं, विसरभोळी झाले तेवढं पुरे, वेडी म्हणायला नकोत."

"तुम्ही मला सांगितलं होतं, काकू," मॅडम म्हणाल्या. "मीच ऐकलं नाही." आणि या शिकलेल्या, भारदस्त बाई त्या ओट्यापाशी ढसाढसा रडल्या. मीही रडलो असतो, पण तेवढंही मला येत नाही.

माझ्याशिवाय, निवांत स्वयंपाकघरात, काकूंनी दहा वेळा आठ-आठ आकडे लिहिले. फक्त दोनदा चुकल्या. मॅडमनी दवाखान्याला पत्र लिहिलं, स्वतः खेटे घातले. खिडकीवरची जागा तोवर भरली होती. काकूंना आतल्या शांत खोलीत पाकिटं भरायचं काम मिळालं, तेही आठवड्यातून तीनच दिवस. मॅडम परवा तारकाकांना सांगत होत्या, काकू अजून प्रत्येक पाकीट तीनदा मोजतात आणि तरी शेजारणीला विचारतात, "बरोबर आहे ना गं?" चिठ्ठ्याही अजून भिंतीवर आहेत.

माझं बटण दुरुस्त करू नका, असं मॅडमनी सांगितलं आहे. नव्या संशोधकाला पहिल्या दिवशी मला कानाला लावायला देतात. बाकी वेळ मी कपाटात असतो.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. वायर करकचून गुंडाळू नका, आणि नावाजलेली वस्तूसुद्धा अधूनमधून तपासत जा. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. कुणी तुम्हाला म्हणालं, 'मला काहीतरी ऐकू येतंय,' तर तुमचं ज्ञान घटकाभर बाजूला ठेवा. त्याच्या कानावरचा हेडफोन काढा आणि आपल्या कानाला लावून बघा. काकूंनी हात वर केला, तेव्हा त्यांना तेवढंच हवं होतं.