बूट काढू नका

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक बूट आहे. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या माणसाचा, तळाला पोलादी पाते असलेला. वय वीसच्या पुढे गेले आहे, चामड्याला भेगा पडल्या आहेत आणि मी रागावलेला आहे. गोड बोलून राग लपवणे मला जमत नाही, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

माझा एक भाऊ होता, उजव्या पायाचा. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी आम्हाला शिवले आणि खोक्यात घालून केर्नोहानला पाठवले. हे उत्तर ऑन्टारियोतले निकेलच्या खाणींचे गाव. तिथे एक व्यावसायिक संघ होता आणि त्या संघात गार्नेट जुबा बचावपटू होता. एकोणिसाव्या वर्षापासून तो हॉकीवर पोट भरत होता. सगळ्यात वरच्या लीगमध्ये त्याला अकरा सामने मिळाले, मग त्याला परत खाली धाडले. आम्ही आलो तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि आमच्याआधी त्याने सहा जोड झिजवले होते.

नवे चामडे पायाला मऊ व्हावे म्हणून पहिल्या दिवशी त्याने आम्हाला घालून पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले. त्याची बायको नोरीन म्हणाली की फरशी पुसायची बादली नवऱ्याच्या बुटांना द्यावी लागेल हे लग्नाआधी कोणी सांगितले नव्हते. तो हसला आणि तसाच ओल्या बुटांनी जेवायला बसला. रात्रीपर्यंत मी त्याच्या पायाच्या आकाराचा झालो होतो.

गोल करणाऱ्याचे नाव गावभर होते. बचावपटूचे नाव लोक तो चुकला तरच घेतात. हॉकीचा पक म्हणजे रबराची जाड चकती, थंडीने दगडासारखी झालेली. समोरच्याने ती सगळ्या ताकदीनिशी हाणली की बाकीचे अंग चोरायचे आणि गार्नेट आडवा जायचा. कधी मांडीवर, कधी पोटरीवर, पुष्कळदा माझ्यावर. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. ते आमचे कामच होते.

आमची देखभाल क्लोव्हिस तेरियो करायचा. तो संघाचे सामान सांभाळत असे. तरुणपणी तो लाकूडतोड्यांच्या छावणीत घोडे सांभाळायचा आणि आमच्याशीही तसेच बोलायचा. सामन्यानंतर मला पुसून, तेल चोळून, पात्याला धार लावून तो म्हणायचा की आज चांगला पळालास, आता नीज. असा माणूस प्रत्येक बुटाला मिळो.

चौथ्या हंगामात उपांत्य फेरीचा सहावा सामना होता. तो जिंकला की अंतिम फेरी. खेळाच्या तीनपैकी दुसऱ्या भागाच्या शेवटी पक सरळ माझ्या घोट्यावर आला. माझे चामडे आत दबले आणि आतले हाड मोडले. बाहेर वीस हजार डोळे पाहत होते, पण तो आवाज ऐकला फक्त मी.

खेळाडूंच्या खोलीत गार्नेटला बाकावर बसवले. क्लोव्हिस माझी नाडी कापायला कात्री घेऊन खाली बसला, तेवढ्यात प्रशिक्षक बर्टन स्कीन आला.

"बूट काढू नका," तो म्हणाला. "काढला की पाय सुजेल, मग परत आत जायचा नाही. अजून घट्ट बांधा."

"साहेब, हाड मोडलंय. घोड्याचा मोडलेला पाय मी लांबून ओळखतो."

"मोडक्या पायाच्या घोड्याला गोळी घालतात, क्लोव्हिस. हा अजून वीस मिनिटं खेळणार आहे."

मग स्कीनने सगळ्यांसमोर गार्नेटलाच विचारले. अठरा खेळाडू जमिनीकडे पाहत होते. गार्नेटच्या कपाळावरचा घाम माझ्यावर ठिबकत होता.

"बांध, काका," तो म्हणाला.

संघाच्या डॉक्टरने माझी जीभ बाजूला सारली आणि पाय बधिर करायची सुई घातली. क्लोव्हिसने नाडी आवळली. मित्रांनो, त्याच्यावरही माझा राग होता. आजही थोडा आहे.

तो सामना आम्ही जिंकलो. मग अंतिम फेरीचे पाच सामने. प्रत्येक वेळी आधी सुई, मग नाडी. पाय घालताना तो टॉवेल तोंडात धरायचा. मी बूट उरलो नव्हतो, मोडलेल्या हाडाला आधार देणारी पट्टी झालो होतो. वर्तमानपत्राने त्याला पोलादी माणूस म्हटले. आणि अंतिम फेरी आम्ही हरलो.

उन्हाळ्यात दोनदा शस्त्रक्रिया झाली. हाड वाकडेच जुळले. सप्टेंबरमध्ये संघाकडून दोन ओळींचे पत्र आले की नव्या हंगामात त्याची गरज नाही. तो एकतीस वर्षांचा होता. नोरीनच्या पोटात मूल होते.

माझा उजवा भाऊ कचऱ्यात गेला. त्याला काही झाले नव्हते, म्हणून त्याची कोणाला किंमत नव्हती. मला मात्र स्टेडियमच्या बोळात काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली पाटी लावली: 'गार्नेट जुबा. मोडक्या पायाने पाच सामने.'

पंधरा वर्षे मी त्या काचेत होतो. ना तेल, ना धार, वर पिवळा दिवा. व्यावसायिक संघ बंद पडला आणि स्कीन गावातल्या मुलांना शिकवू लागला. दर हिवाळ्यात तो नवी मुले माझ्यासमोर उभी करायचा आणि सांगायचा की खरा खेळाडू असा असतो. मुले नाक काचेला लावून मला पाहायची. मी ओरडू शकलो असतो तर पाटीवर लिहिले नव्हते ते सगळे ओरडून सांगितले असते. गार्नेट आता नगरपालिकेची बर्फ हटवायची गाडी चालवत होता. तो स्टेडियमला यायचा तो मागच्या दाराने, लंगडत, माझ्याकडे न बघता. ही कथा खोटी आहे असे तोही कधी म्हणाला नाही. म्हणून त्याचाही मला राग यायचा.

त्याची मुलगी मार्नी चौदा वर्षांची झाली. मुलांच्या संघात एकटी मुलगी, आणि बचावपटू. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात तिने पक अडवला, तोही घोट्यावर. मध्यंतरात ती भिंतीला धरत बोळातून आली. स्कीनने तिला माझ्यासमोरच थांबवले.

"हा तुझ्या बापाचा बूट. त्यानं काढला होता का?"

ती दात आवळून म्हणाली की मी खेळते. एवढ्यात गार्नेट प्रेक्षकांतून खाली आला.

"बाबा, काही नाही झालं मला," ती म्हणाली. "तू पण खेळला होतास ना."

गार्नेटने कपाटाची किल्ली मागितली. स्कीन म्हणाला की सामना संपल्यावर बघू. तेव्हा धार लावायच्या खोलीतून म्हातारा क्लोव्हिस आला, खिशातून पेचकस काढला आणि त्याने बिजागऱ्याच सोडवल्या.

गार्नेट मला घेऊन बाकावर बसला. त्याने डाव्या पायातला मोजा काढला. मुले गोळा झाली होती. त्याने तो पाय माझ्यात घालायचा प्रयत्न केला. घोट्याचे हाड बाहेर आलेले, बोटे एका बाजूला गेलेली. मी त्याच्याच पायाच्या आकाराचा होतो, आणि तो पाय माझ्यात शिरला नाही.

"बूट तोच आहे," तो मार्नीला म्हणाला. "पाय तो राहिला नाही. मला कुणी थांबवलं नाही असं मी घरी सांगत आलो. खोटं आहे ते. या काकांनी थांबवलं होतं. मीच म्हणालो, बांध. अठरा जणांसमोर नाही म्हणायची लाज वाटली मला."

स्कीन म्हणाला की अशाने पोरगी भित्री होईल.

गार्नेट उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, पण पंधरा वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते त्यात होते. "माझा पाय तुम्ही मागितला, मी दिला. ती चूक माझी. पण हिच्याकडे काही मागायचं नाही तुम्ही. आज नाही, कधीच नाही."

मग त्याने गुडघे टेकून तिची नाडी सोडली. बूट निघताच पाय भराभर सुजला आणि मार्नी पहिल्यांदा रडली. हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर, आणि पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा बर्फावर होती, दोन्ही पायांनी सरळ चालत.

मला काचेत परत ठेवले नाही. क्लोव्हिसच्या खोलीत एका फळीवर मी आहे. त्याने पुन्हा तेल लावले, पण भेगा काही बुजल्या नाहीत. माझा रागही गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटत नाही.

मित्रांनो, आम्ही धावण्यासाठी जन्मलो, दुखणे दाबून ठेवण्यासाठी नाही. उद्या कोणी मोडक्या पायाने खेळला म्हणून तुमचे हात टाळ्यांसाठी उठले, तर क्षणभर थांबा. आणि त्याचा बूट कोणी बांधायला लावला, ते विचारा.